बहात्तर तासांची संमती

गुरुवार, २० जून. तुर्कू, दुपारी ४.५८
प्रस्ताव मांडला. गायनवृंदांसाठी स्वरलिपी छापणाऱ्या आमच्या ओपन सोर्स प्रोग्रॅममध्ये यापुढे पान गाण्यातल्या विरामावरच संपेल. गाता गाता उलटावं लागणार नाही. नियम साधा आहे: बहात्तर तासांत कुणी हरकत घेतली नाही, तर बदल मंजूर. एवढा एक मोठा बदल मंजूर झाला की मला पाचवी मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांपैकी एक करायचं, असं गुनवोरने मार्चमध्ये कबूल केलंय. प्रकल्प तिनेच सुरू केला.
उद्यापासून युहान्नुसची, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाची सुट्टी. चारही मेंटेनर रेंज नसलेल्या बेटांवर. हा योगायोग.
संकल्प: दिवसातून एकदाच बघायचं.

शुक्रवार, २१ जून. बेटावर
रेंज फक्त धक्क्याच्या टोकाला येते. नऊ वेळा गेले. सर्व्हर चालू आहे ना, एवढंच पाहिलं. हरकत नाही. लोक बारकाईने वाचत असावेत.

शनिवार, २२ जून
हरकती शून्य. वाचक दोन: माझा लॅपटॉप आणि माझा फोन.
आई म्हणाली, "सारखी त्या धक्क्यावर काय उभी असतेस? मासे हल्ली मोबाइलवर येतात का?" मी हवा खात होते, असं सांगितलं. पाऊस होता.

रविवार, २३ जून. सायंकाळी ४.५९
मंजूर. मुदत संपताच बदल आपोआप चाचणी-आवृत्तीत गेला.
सौनात, वाफ घेता घेता, आईला सांगितलं. तिने विचारलं, कुणाकुणाला आवडलं? प्रश्न चुकीचा आहे. संमती आणि आवड या वेगळ्या गोष्टी.

मंगळवार, २५ जून
पहिली प्रतिक्रिया. रौमा गावचे ताउनो, चर्चमधले निवृत्त ऑर्गनवादक. त्यांच्या स्तोत्रात विरामच नाही, त्यामुळे अकराही कडवी एकाच पानावर आली. मुंगीएवढी. सोबत फोटो: वृंदातल्या चौदा बायका खिडकीशी, हातात भिंगं. लिहिलंय, "बाळ, कल्पना छान आहे. आमच्यातली सगळ्यांत तरुण अडुसष्टची. तिलाही दिसत नाही."
अपवादात्मक परिस्थिती. चूक स्तोत्र रचणाऱ्याची.

बुधवार, २६ जून
गुनवोर परतली. आधी बदल काढून टाकला, मग फोन केला.
"पोरी, आम्ही घरी नसताना दार वाजवलंस. कुणी बोललं नाही, म्हणून आत शिरलीस?"
मी नियमातलं कलम सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. ती शांतता मी संमती धरली. मग म्हणाली, पाचव्या मेंटेनरचं पुढच्या वर्षी बघू.

शुक्रवार, २८ जून
नवा नियम गुनवोरने माझ्याकडूनच लिहून मागितला: सुट्टीत घड्याळ बंद, आणि निदान दोघांचा स्पष्ट होकार हवा. माझ्याइतकं काटेकोर कुणी लिहीत नाही, हे तिलाही पटलं असावं.
१०.०२ ला मांडला. १०.०९ पर्यंत चौघांचेही होकार. ताउनोंनीसुद्धा कळवला. त्यांना मताचा अधिकार नाही.
या प्रकल्पात इतक्या झटपट आजवर कुणाचंच काही मंजूर झालेलं नाही.