ते वाक्य आईचं होतं

दि. ७ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिय दादा,

नमस्कार. लिहायचा नव्हता, पण हाताला वळण आहे. आम्ही सगळे बरे आहोत. थोरलीचा ताप उतरला. ह्यांनी गॅलरीतला पडदा शेवटी एकदाचा लावला, तोही वाकडा. वहिनीला सांग, तिचा डबा माझ्याकडेच आहे, हरवलेला नाही.

झालं, खुशाली संपली.

तू नाटकाच्या व्यवस्थापकाकडून निरोप धाडलास, "तिला म्हणावं दोन दिवस विश्रांती घे आणि ये, प्रयोग तोंडावर आलाय." मी दमलेली नाही, दादा. मी चिडलेली आहे. काल भाजी चिरताना ह्यांनी माझ्या हातातून सुरी काढून घेतली. म्हणाले, "तू आपली पत्र लिही. मी नेऊन देतो, पण त्या भाजीला सोड." म्हणून लिहिते आहे. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस. मध्येच म्हणशील, "थांब, हे फार सुंदर बोललीस, परत म्हण."

रविवारी तुझा फोन आला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच तू तिचा विषय काढलास. "शेवटी शेवटी कशी होती गं ती? काय बोलायची?" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दूध उतू गेलं तरी उठले नाही. वाटलं, आला. उशिरा का होईना, माझा भाऊ आला. मग सगळं सांगितलं. ती मला ओळखेनाशी झाली होती. दवाखान्यातली कामाची बाई समजायची, अहो-जाहो करायची. मी उशी सारखी करायला वाकले की म्हणायची, "बाई, तुम्ही आता घरी जा हो. तुमची कुणीतरी वाट बघत असेल." हे मी ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. तू नुसतं "हं, हं" करत होतास. मला वाटलं, तू रडतोयस.

मंगळवारी तालमीत तिसरा अंक होता. मुलगी आजारी आईचा निरोप घेते, तो प्रवेश. संहितेत आई गप्प आहे. मी पांघरूण सारखं करायला वाकले आणि आईचं काम करणाऱ्या माईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "बाई, तुम्ही आता घरी जा हो."

पुढचं नीट आठवत नाही. मी तिथेच खाली कोसळले एवढं आठवतं. आणि अंधारातून तुझा आवाज, "थांबू नका! कुणी तिच्याजवळ जाऊ नका! चालू दे!" मग टाळ्या. मग तू वर आलास. माझ्याकडे नाही, प्रकाशयोजनेच्या माणसाकडे गेलास आणि त्याला म्हणालास, "इथे उजेड थोडा खाली घे."

माई बिचाऱ्या मेकअपच्या खोलीत माझी माफी मागत होत्या. "अगं, तुझा दादा मला म्हणाला, लेखकानं नवीन वाक्य दिलंय, तिला सांगू नका, जरा दचकू दे. मला काय माहीत, पोरी!" उलट मीच त्यांना पाणी दिलं.

बुधवारी तू म्हणालास, "काल झालं तस्संच कर." झालं नाही. मी दात आवळून उभी राहिले आणि वाक्य कानावरून जाऊ दिलं. तू वैतागलास. सगळ्यांदेखत विचारलंस, "अजून काय काय म्हणायची गं ती? आठव ना जरा."

तेव्हा मी चपला घातल्या.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हे. लिहून खोडणार होते. राहू दे.

तुला उजेड कळतो. नटानं कुठे थांबायचं ते तुझ्याइतकं कुणाला कळत नाही, हे मी रागातही मान्य करते. पण आपण दोघं ज्यांच्या हाताखाली शिकलो ते सर आठव. मला रडण्याचा प्रवेश जमत नव्हता. सर शेवटच्या रांगेतून ओरडले, "रडू नकोस! ताटल्या पूस. एक झाली की दुसरी घे. रडणं हे प्रेक्षकांचं काम आहे, त्यांच्या पोटावर कशाला पाय देतेस?" मी ताटल्या पुसल्या आणि लोक रडले. पुढच्या प्रत्येक प्रयोगाला रडले. कारण सरांनी मला उद्याही करता येईल असं काहीतरी दिलं होतं. आणि त्याच वर्षी बाबा गेले होते, दादा. सरांना ते माहीत होतं. एका शब्दानं त्यांनी मला रडवलं असतं. त्यांनी तिकडे बोटसुद्धा लावलं नाही. तू तेव्हा पडद्यामागेच उभा होतास. मग शिकलास काय?

माईंनी आणखी एक सांगितलं. मी कोसळले तेव्हा तू रंगमंचाच्या अगदी कडेला आला होतास आणि त्यांच्याबरोबर ते वाक्य ओठातल्या ओठात म्हणत होतास.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. तुला प्रवेश बसवायचा नव्हताच. तुला बघायचं होतं. कारण तू तिथे नव्हतास. मी फोन केला तर "प्रयोग झाला की निघतो" म्हणालास. तो झाला, पुढच्या गावचाही झाला, आणि तू पोचलास तेव्हा तिची खाटसुद्धा आवरून झाली होती. नातेवाईक कुजबुजायला लागले, तेव्हा मीच पुढे झाले. म्हटलं, "प्रयोग थांबवू नकोस, असं आईच म्हणाली होती." आई असं काही म्हणाली नव्हती. तुझी मान खाली जाऊ नये म्हणून मी ते तिथल्या तिथे बनवलं. आणि तू ते मुलाखतींमधून सांगत फिरतोस! तुला माहीत आहे ते खोटं आहे. तू एकदाही मला विचारलं नाहीस, कारण विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं.

तू नव्हतास, त्याची शिक्षा मी भोगायची? तुझ्यासाठी तिला परत मरायला लावायचं, तेही उजेड कमी-जास्त करून?

सोमवारी मी तालमीला येते. भूमिका सोडणार नाही, त्यात माझी मेहनत आहे, आणि ऐन वेळी माईंना दुसरी मुलगी कुठून आणणार? पण आई गप्प राहील, संहितेत आहे तशी. ते वाक्य पुन्हा कानावर आलं तर मी पडदा पाडायला सांगेन, मग समोर कोणीही बसलेलं असो.

आणि रविवारी मी तुला सगळं सांगितलं नाही. ती तुझ्याबद्दलही बोलली होती. मी तिथवर पोचायच्या आत तुझं काम झालं आणि तू फोन ठेवलास. ऐकायचं असेल तर घरी ये. एकटा ये. मी बोलत असताना तू नेहमी बघतोस तसं माझ्या चेहऱ्याकडे बघू नकोस. मान खाली घालून नुसतं ऐक. रडू आलं तर तुझं तू रड.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. 'तुझी' असं आज लिहवत नाही.

आईची,
धाकटी