काचघरातला पिंपळ

५ एप्रिल, शनिवार
बाबा एकदा म्हणाले होते, "असल्या बागांत आपण झाडायला जातो, बसायला नाही." पाचगणीतल्या एका बंगल्याच्या फाटकाशी उभे होतो. त्यांची आई तिथे झाडलोट करायची. मी लहान होते.
आज आर्नहेमजवळच्या इंग्लिश हवेलीत गाईडचा बिल्ला मिळाला! दर शनिवारी, हौसेचं काम. घर बांधणारा डच, पण वेड इंग्लंडचं. सरळ कालवा बुजवून वाकडं तळं खणलं, सपाट जमिनीवर टेकडी रचली. का, तर सगळं निसर्गानेच केलंय असं वाटावं! माझी कादंबरी लिहायची मागे पडतेय. पडू दे.

१२ एप्रिल, शनिवार
तळ्यामागच्या काचघरात, कोपऱ्यात एक झाड. पाटी: भारतीय अंजीर. माळी वाउटर म्हणाला, "खाण्यासारखं काही देत नाही, आळशी आहे." पानाचं लांब शेपूट बघितलं आणि... पिंपळ! बोधिवृक्ष! तिथल्या तिथे हात जोडले. वाउटरला वाटलं त्यालाच नमस्कार केला. त्यानेही जोडले.
इथल्या आपल्या बौद्ध मंडळींच्या ग्रुपवर फोटो टाकला. 'उद्याही उघडं आहे, या.' झालं.

१३ एप्रिल, रविवार
आले की सगळे! ब्रेडाहून, अ‍ॅमस्टरडॅमहून. पांढऱ्या साड्या, फुलं, मेणबत्त्या, अगरबत्त्या. बाबासाहेबांची जयंती उद्या, पण उद्या ऑफिस. कांबळेकाका बुंध्याला हात लावून म्हणाले, "पोरी, बुद्धगयेला जायचं राहूनच गेलं होतं गं."
त्रिसरण सुरू झालं आणि धुराचा भोंगा वाजला. व्यवस्थापक मार्लीस धावत आली. "वेळ घेतली होती का तुम्ही?"
विहारात कुणी वेळ घेऊन जातं? पण इथे सख्ख्या बहिणीकडे कॉफीलासुद्धा वेळ ठरवून जातात. इतकी वर्षं राहून मला सुचू नये...
परतताना गाडीत लेक डचमध्ये, "आई, मेले मी लाजेने." मग जरा वेळाने, "पण भोंगा वाजला तरी काका थांबले नाहीत. भारी होतं ते."

१९ एप्रिल, शनिवार
बिल्ला शाबूत. झाड राहणार नाही. मार्लीसने सांगितलं, काचघराचं छत दुरुस्त करायचंय, फांद्या काचेला टेकल्यात. शिवाय मूळ नकाशात हे झाड नाही. मेअखेर तोडणार.
"मूळ जमिनीत ती टेकडीही नव्हती," मी म्हटलं. हसली. पण निर्णय समितीचा.
वाउटरने मात्र न विचारता फांदी कापून दिली. लेकीने स्वतः कुंडीत लावली. बोधिवृक्षाची फांदी लंकेला नेणाऱ्या अशोकाच्या लेकीवरून तिचं संघमित्रा नाव ठेवलं, तेव्हा हे कुठे ठाऊक होतं! मी नुसती घरभर फिरत राहिले.

२१ एप्रिल, सोमवार
मार्लीसला ईमेल. नाहीच म्हणणार ती. पौर्णिमा सोमवारी, सोमवारी बंद असतं, त्यात विमा, समिती, तो भोंगा. तरी लिहायला बसले. 'निघताना जागा झाडून जाऊ' असं सवयीने लिहिलं होतं. ते खोडलं. उरलं ते असं:
'झाड तोडण्याआधी बुद्धपौर्णिमा येते. त्या संध्याकाळी आम्हाला त्याच्याखाली बसू दे. मेणबत्त्या नाहीत, धूर नाही. नुसतं बसायचंय. या खेपेला वेळ मागतेय.'