संदर्भसूचीतला भिवा

मी, राही भिवा शिवलकर, वय सत्तावीस, शिक्षण एम.एस्सी. (रसायनशास्त्र), राहणार मांडवी, रत्नागिरी, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, तर माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डोक्यात गाठ असलेल्या बाईने असे लिहिले की वाचणाऱ्याला शंका येणार, म्हणून डॉ. नम्रता सुर्वे यांचा दाखला सोबत जोडला आहे.

गाठ आहे हे मला डॉक्टरांच्या तोंडून कळले नाही. मुंबईच्या रुग्णालयात चुंबकाच्या यंत्रात झोपवून माझ्या मेंदूतल्या रेणूंचा आलेख काढला. ज्या तंत्राने मी रेणूंची रचना शोधत होते तेच तंत्र, फक्त या वेळी नमुना मी होते. निरोगी चेतापेशींचे जे शिखर उंच दिसायला हवे ते खुजे झाले होते आणि गाठीत वाढणाऱ्या कोलीनचे शिखर वर गेले होते. तिथल्या माणसाने विचारले, तुम्हाला यातले काही कळते का. मी म्हटले, थोडेसे. बाहेर बाकावर बाबा बसले होते. त्यांना मी चहा पिऊया म्हटले.

शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे. वाचले तरी बोलणे आणि लिहिणे जाऊ शकते, असे सांगितले आहे. म्हणून आताच लिहिते.

कलम १. या मृत्युपत्राप्रमाणे सगळे करून घेण्याचे काम माझी धाकटी बहीण दीपाली हिने करावे. ती भांडखोर आहे. या कामाला तशीच माणसे लागतात.

कलम २. माझी स्कूटर आणि बँकेत जे काही असेल ते दीपालीला. त्यातून आधी आईच्या डोळ्याचे ऑपरेशन करावे. आई उद्यावर ढकलेल, तिचे ऐकू नये. उरेल त्यातून दीपालीने स्वतःचे शिक्षण पुरे करावे. घरात मी एकटीच पदवीधर राहावे असे मला कधीच वाटले नाही.

कलम ३. माझी पुस्तके आणि पेन्सिलीहून बारीक काचेच्या नळ्यांचा डबा देवरूखच्या कॉलेजला द्यावा, जिथे मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. नळ्या ओव्हनमध्ये वाळवू नयेत, वाकतात. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना माझा निरोप सांगावा की चुंबकीय अनुस्पंदनाला घाबरू नका. हायड्रोजनच्या अणुकेंद्राला चुंबकात ठेवून रेडिओ लहरीने हाक मारायची आणि ते काय उत्तर देते ते ऐकायचे. शेजारी कोण आहे त्याप्रमाणे उत्तर बदलते. आपल्याकडे माणसाचा हेल ऐकला की तो कुठल्या गावचा ते कळते, तसेच. याहून अवघड त्यात फार काही नाही, धीर मात्र लागतो.

कलम ४. आई, आवडाबाई भिवा शिवलकर. माझ्या सोन्याच्या कुड्या तिच्याच आहेत, त्या तिला परत. मासळी विकताना ती गिऱ्हाइकांना सांगते की माझी पोर जाळ्यातल्या कचऱ्यातून औषध काढते. ते औषध नाही. तो एक रेणू आहे, अजून कोणाचा काही आजार त्याने बरा झालेला नाही. हे मी तिला सांगितले नाही, दीपालीनेही सांगू नये. घरात वाचून दाखवताना हे कलम कुड्यांपाशी थांबवावे.

कलम ५. ऋत्विक. आम्ही दोघांनी मिळून तो रेणू शोधला आणि आमचे लग्न व्हायचे होते. तो आता परदेशात असतो. त्याच्यासाठी मी काहीही ठेवलेले नाही. माझ्या कपाटात एक गुंडाळलेला आलेख आहे. त्यावर एका शिखराभोवती त्याने पेन्सिलीने गोल केला आहे. ते शिखर कुठल्याच रचनेत बसत नव्हते. मालगुंडच्या किनाऱ्यावर वाळूत कागद पसरून आम्ही भांडत होतो, आणि मला दिसले की ते शिखर ज्या हायड्रोजनचे आहे तो रेणूच्या वलयातल्या ऑक्सिजनला लागून बसलेला आहे. ऋत्विक उठून पाण्यात धावत गेला, बूट न काढता. तो आलेख त्याला पाठवू नये. त्याने मागितला तर द्यावा. तो मागणार नाही. तरीही एक पावसाळा वाट पाहावी आणि मग दीपालीने त्याचे काय करायचे ते करावे.

आता ज्या गोष्टीसाठी हा कागद मुख्यतः लिहिते आहे ती.

बाबांच्या जाळ्यात समुद्री स्पंज येत. सगळे ते फेकून देत. बाबा माझ्यासाठी बर्फात घालून आणत. त्यातल्या एका स्पंजातून आम्हाला तो रेणू मिळाला आणि शोधनिबंध छापून आला. पाठवताना नावाचा रकाना मीच भरला, दहावीच्या गुणपत्रिकेवर असते तसा: आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव. शिवलकर राही भिवा. आपल्याकडे शाळेपासून असेच लिहायची सवय असते. परदेशातल्या नियतकालिकाने शेवटचा शब्द आडनाव धरला. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक संदर्भसूचीत तो रेणू 'भिवा, एस. आर.' यांचा आहे. लोक आपल्या निबंधात लिहितात: भिवा आणि इतर यांनी दाखवल्याप्रमाणे.

संशोधन शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत मला सांगितले की तुमच्या नावावर एकही निबंध सापडत नाही. मी निबंध दाखवला. मग हा भिवा कोण, असे विचारले. मी म्हटले, माझे वडील. समितीतले एक जण हसून म्हणाले की वडिलांचे काम आपले म्हणून सांगणारी पहिलीच भेटली. ती शिष्यवृत्ती मला मिळाली नाही.

दुरुस्तीसाठी नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाने लिहावे लागे. निबंधावर पहिले नाव माझे असले तरी तो लेखक ऋत्विक होता. तो म्हणाला, "राही, आत्ता नको. माझी निवड व्हायची आहे, पेपरला दुरुस्ती लागलेली दिसली की दहा प्रश्न येतात. काम कोणाचं ते आपल्याला माहीत आहे ना?" त्या 'आपल्याला' या शब्दावर मी वर्ष काढले. नंतर त्याचा स्वतंत्र निबंध आला. त्यात त्यानेही संदर्भ दिला होता: भिवा. बाकीच्या जगाला माहीत नव्हते, त्याला तरी माहीत होते. मला त्या दिवशी जे झाले त्यातून मी बाहेर आलेली नाही, आणि आता येण्याइतका वेळ नाही.

या वर्षी मुंबईहून हेतल नावाच्या मुलीचा बाबांना फोन आला. कोणाच्या कामाचे श्रेय कोणाच्या नावावर जाते, आपल्याकडची नावे सूचीत कशी मोडतात, याचा ती अभ्यास करते. तिला भिवा हवे होते. निबंधावर ज्या कॉलेजचा पत्ता होता तिथल्या ऑफिसने तिला माझ्या जुन्या अर्जावरचा बाबांचा नंबर दिला. बाबा म्हणाले, हां, मीच भिवा, बोला. तिने विचारले, इतका चांगला पेपर लिहून तुम्ही पुढे लिहायचे का थांबवलेत. बाबा म्हणाले, "पेपर मी नुसता वाचतो, बाय. तोपण कालचा." तिने स्पंजाबद्दल विचारले. ते म्हणाले, जाळ्यात येतो, चुलीतपण घालता येत नाय, पोरीला लागतो म्हणून आणतो. तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, पोरीला फोन द्या.

हेतलने मला समजावले की आता या नियतकालिकात ऋत्विकच्या परवानगीची गरज उरलेली नाही. माझ्या सहीने, किंवा माझ्यामागे माझ्या वारसाच्या मागणीने, नाव सुधारता येते. मजकूर तिने तयार करून दिला आहे. मी सही केली नाही. कारण त्या फोननंतर बाबांनी धक्क्यावर सगळ्यांना सांगितले होते की माझे नाव जगात छापलेय. जाळी विणताना लोक चेष्टा करू लागले, काय भिवाशेठ, आज कसला शोध. बाबा हसून मान हलवत. मुंबईहून परत आल्यापासून मी त्यांना फक्त तेवढ्याच वेळा हसताना पाहिले. म्हणून मी पुढचे कलम लिहिले.

~~कलम ६. नावाची दुरुस्ती मागू नये. माझे एकमेव प्रकाशित काम मी माझे वडील भिवा बाळा शिवलकर यांना देते. ते त्यांच्या नावावर आहे तसेच राहू द्यावे.~~

वरचे कलम रेघ मारून रद्द केले आहे. फाडून टाकले नाही, कारण मी ते मनापासून लिहिले होते. रद्द का झाले ते लिहिते.

आज सकाळी वकिलांसमोर हा मसुदा घरात वाचला. कलम चार कुड्यांपाशी थांबवले. मग कलम सहा वाचले. वकील सांगत होते की दोन साक्षीदार लागतील, मात्र ज्याला यातून काही मिळायचे आहे त्याने साक्षीला सही करू नये, देणे वादात पडते. बाबांनी ते दोनदा विचारून घेतले. सही केली तर मला मिळणार नाय, असंच ना? वकील म्हणाले, तसा धोका असतो. बाबांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "पेन द्या इकडे. साक्षीदार मी."

मी म्हटले, बाबा, स्पंज तुम्हीच आणलात, तुमचाही हक्क आहे त्यात. तुम्हाला द्यायला माझ्याकडे दुसरे काही नाही, एवढे तरी घ्या. दीपाली उठून आत गेली. आई पदर तोंडाशी धरून बसली होती.

बाबा म्हणाले, "राही भिवा. आधी तू, मागं मी. तुझ्या जन्मापासून तसाच उभा हाय मी. आता मला पुढं कशाला ढकलतस गो?"

मी पेन घेतले आणि कलम सहावर रेघ मारली.

कलम ६ (नवे). हेतलने दिलेल्या मजकुरावर मी आज सही केली आहे. दुरुस्ती होईपर्यंत मी नसले तर दीपालीने पाठपुरावा करावा. नाव असे छापावे: राही भिवा शिवलकर. पैकी शिवलकर आडनाव, राही मी, आणि भिवा माझे वडील.

हे मृत्युपत्र मी वाचले, समजून घेतले आणि खालील दोघांच्या देखत त्यावर सही केली.

ठिकाण: मांडवी, रत्नागिरी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४

(सही) राही भिवा शिवलकर

साक्षीदार:
१. डॉ. नम्रता सुर्वे, रत्नागिरी (सही)
२. भिवा बाळा शिवलकर, मांडवी. मृत्युपत्र करणारीचे वडील. यातून काही घेणार नाहीत. (सही)