पाच पिवळ्या कुंड्या

शनिवार, जुलै २०२१
टूनगॅबी

दुपारी मम्मींवर चिडले होते आणि आता हसू आवरत नाहीये.

लॉकडाऊनमुळे युनिव्हर्सिटीची लॅब बंद आहे, म्हणून गाइडच्या परवानगीने गव्हाच्या बारा कुंड्या घरी आणल्यात. सहा कुंड्यांच्या मातीत थंडीत रोपाला बळ देणारे जिवाणू घातलेत, सहांत नाहीत. वर फक्त नंबर, कशात काय ते माझ्या यादीत. इथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, रोपांना थंडी हवी म्हणून सगळ्या बाल्कनीत.

मीटिंग संपवून बघते तर पाच कुंड्या हीटरजवळ. वसईहून आलेल्या आणि विमानं बंद म्हणून इथेच अडकलेल्या माझ्या सासूबाई त्यांना टॉवेल गुंडाळत होत्या.

"मम्मी, थंडीच तर द्यायची होती त्यांना."

"अगं, पिवळी पडलीत बिचारी. बाकीची हिरवी आहेत, ती ठेवली ना बाहेर."

तीन आठवड्यांचं काम गेलं, असं वाटलं. कुंड्या परत बाहेर नेताना नंबर पाहिले आणि यादी काढली. पाचही बिनजिवाणूंच्या. पुन्हा ताडून पाहिलं. पाचच्या पाच. मम्मींनी तर यादी कधी पाहिलीही नव्हती. मी रोज बघते, मला हे का दिसलं नाही? की दिसत होतं, पण माझ्याच डोळ्यांवर भरवसा नव्हता?

गाइड फोनवर म्हणाल्या, तासाभराच्या उबेने फार बिघडत नाही, नोंद तेवढी ठेव.

मग मम्मींना सगळं समजावलं. दुधाची बाटलीसुद्धा साबणाने धुणाऱ्या मम्मी जरा विचारात पडल्या.

"मग या पाचांनाही घाल ना थोडे जंतू," म्हणाल्या.