पल्लवीनं न प्यालेलं पाणी

मंगळवार, संध्याकाळ. वाशीम

आज ज्युदोच्या सरावात पल्लवी चक्कर येऊन पडली. स्पर्धेच्या वजनगटापेक्षा दीड किलो जास्त भरली, म्हणून घाम काढून वजन उतरवायला मीच तिला जाड जॅकेट घालून पळवत होते. सकाळपासून पाणीही बंद. सगळेच प्रशिक्षक करतात असं... करतात म्हणून काय? ओठ किती सुकले होते पोरीचे!

शेलूबाजारहून तिची आई जीपनं धावत आली. "मॅडम, पोरीले पाणी काहून नाई देलं?"

पल्लवीच म्हणाली, "मॅडमनं नाई, म्याच नाई पेलं." त्या सुकलेल्या ओठांनी माझ्यासाठी खोटं बोलली.

घरी आल्यावर तिच्या आईला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, "आता तुमीच सांगा, उद्या तिले सरावाले पाठवू का नको?"

मला 'पाठवा' म्हणता आलं नाही.