घरात फक्त मराठी

१४ ऑक्टो., हूफडॉर्प, नेदरलँड्स
मास्तरांच्या चरित्राचं चौथं प्रकरण. चारशे वर्षांपूर्वीचा जर्मन शाळामास्तर, लॅटिन-ग्रीकचा गाढा पंडित. आणि त्याच्यावर मराठीत लिहिणारा पुण्याचा बेकार संस्कृत प्राध्यापक. केतकी म्हणते, "वाचणार कोण रे?" ती ऑफिसला जाते म्हणून घर चालतं.
आज मजेशीर सापडलं. त्यांच्या शाळेत लॅटिन सोडून जर्मन बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी गाढव अडकवायचे. दुसरा कोणी सापडेपर्यंत ते त्याच्याच गळ्यात.

२० ऑक्टो.
आईचा व्हिडिओ कॉल. मीराने आजीला आपल्या नवव्या वाढदिवसाचं सगळं डचमध्ये सांगितलं. आई नुसती हसत होती. ठेवताना म्हणाली, "गोड बोलते रे. कळत नाही एवढंच." फार लागलं.
संध्याकाळी नियम केला. घरात फक्त मराठी. चुकेल त्याच्या गळ्यात फ्रिजवर शोभेला ठेवलेला छोटा डच लाकडी बूट, दोरी ओवून. पहिला मान माझा, 'सॉरी' म्हणालो म्हणून. मीरा खदखदून हसली.

२ नोव्हें.
बूट रोज मीराच्याच गळ्यात. आज जेवतानाही काढू दिला नाही. केतकी चिडली, "अरे, लहान आहे ती." मी म्हणालो, शिस्त म्हणजे शिस्त. मास्तर अंगात आलेत बहुतेक.

९ नोव्हें.
आठवडाभर बूट खुंटीवर. मी खूश. आज जेवताना लक्षात आलं, ती बोलतच नाहीये. मान हलवते, बोट दाखवते. भात हवा तर ताट पुढे करते.

१५ नोव्हें.
मीराला आणायला जरा लवकर गेलो. शाळेच्या कुंपणापाशी मैत्रिणींना काहीतरी सांगत होती. हातवारे काय, वेगवेगळे आवाज काय! केवढी बोलते ही! मला पाहिलं आणि तोंड मिटलं. सायकलवर मागे बसली, घरापर्यंत चकार शब्द नाही.
नालायक आहे मी. दुसरं काय लिहू.

१९ नोव्हें.
मास्तर घरीही लॅटिनच बोलायचे. मुलालाही तीच सक्ती. बायकोला लॅटिनचं अक्षर येत नव्हतं. म्हणजे नवरा घरात असेपर्यंत मायलेकांनी गप्प बसायचं. म्हातारपणी मित्रांपाशी कुरकुर, मुलगा भेटायला येत नाही.
या प्रकरणाला मी 'आदर्श घर' असं नाव देऊन बसलो होतो. पुढे लिहवत नाही. कशाला लिहायचं, कोणासाठी...

२३ नोव्हें.
बूट कचऱ्यात टाकला. मीराला जवळ घेतलं. "माझं चुकलं गं. नियम संपला. बोल, डच, इंग्लिश, वाट्टेल त्या भाषेत."
बराच वेळ माझ्या शर्टाचं बटण फिरवत राहिली. मग स्वच्छ मराठीत, "बाबा, नाही बोलले तर चालेल?"
चालेल म्हणालो.
केतकी ऑफिसातून आली. आता आतल्या खोलीत दोघींच्या गप्पा चालल्यात. मीरा हसतेय. कुकर लावून मी इथे ओट्यापाशी उभा आहे. आत गेलो तर थांबतील.