मीच मला बजावलेली नोटीस

उदगीर,
रविवार, ३१ ऑगस्ट

प्रिय रेणू,

हे पत्र मुद्दाम तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. ऑफिसच्या पत्त्यावर आलं असतं तर आधी तुझ्या लिपिकाने उघडलं असतं, त्यावर आवक क्रमांक टाकला असता आणि मग ते तुझ्या टेबलावर आलं असतं. हे शिक्षणाधिकारी मॅडमसाठी नाही. नांदेडच्या आपल्या कॉन्व्हेंटमध्ये आठवीपासून माझ्या शेजारी बसायची त्या रेणूसाठी आहे. सिस्टर बर्थांनी आपल्या दोघींचं इंग्रजी अक्षर इतकं घोटून घेतलं की अजून जिल्ह्याच्या एखाद्या पत्राखाली तुझी सही दिसली की क्षणभर वाटतं, ही मीच केली आहे. रेल्वे क्वार्टरपासून शाळेपर्यंत आपण चालत जायचो, तुझ्या डब्यात ज्वारीची भाकरी असायची म्हणून तू तो बाकाखाली धरून खायचीस आणि मी माझी पोळी तुला देऊन तुझी भाकरी घ्यायचे. मला ती खरंच आवडायची. तुला वाटायचं मी दया करते. इतक्या वर्षांत हे सांगायचं राहूनच गेलं.

तू अधिकारी झालीस, मी शिक्षिका. तू वरून जिल्हा पाहतेस, मी खालून. वरून तो कसा दिसतो ते मला माहीत नाही, पण खालून कसा दिसतो ते सांगते. मी शेलवाडीच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे, मुलं त्रेसष्ट. आमच्या केंद्रातल्या दहा शाळांवर एक केंद्रप्रमुख असतो. ती जागा तीन वर्षं रिकामी, म्हणून तिचा चार्ज माझ्याकडे. केंद्रप्रमुखाच्या वर विस्तार अधिकारी. ते मार्चमध्ये निवृत्त झाले, तोही चार्ज माझ्याकडे. त्यांच्या वर गटशिक्षणाधिकारी, तेही प्रभारीच, आणि त्यांच्या वर तू. माझ्या पर्समध्ये तीन शिक्के असतात. शाळेला काही हवं असलं की मुख्याध्यापिका सुमनबाई केंद्रप्रमुख सुमनबाईंना सविनय सादर करते, केंद्रप्रमुख शिफारस करते, आणि विस्तार अधिकारी सुमनबाई ‘पडताळणी केली’ असं लिहून तालुक्याला पाठवते. सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर सवय झाली. आपल्या खात्यात सगळ्याचीच सवय होते, आणि मला तुझ्याशी जे बोलायचं आहे ते त्या सवयीबद्दलच आहे.

शाळा व्यवस्थापन समितीचे नियम तुला पाठ आहेत. पालकांची सभा घ्यायची, त्यातून सदस्य निवडायचे, निम्म्या बायका हव्यात, आणि अध्यक्ष शाळेतल्याच एखाद्या मुलाचा पालक हवा. शेलवाडीत सहा वर्षं अध्यक्ष होता आदिनाथ, गावातले मोठे शेतकरी किशनराव यांचा पुतण्या. त्याची मुलगी सृष्टी आमच्या हजेरीपटावर होती. ती पोर रोज सकाळी आमच्या फाटकासमोरून पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जायची आणि मी तिची हजेरी मांडायचे. कधी कधी खिडकीतून ती मला हातही हलवायची. मीही हलवायचे. समितीच्या बैठका व्हायच्या त्या अशा: मी शाळेत बसून ठराव लिहायचे, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, आणि शिपाई वही घेऊन घरोघर सह्या आणायचा. माणूस शेतात असेल तर शेतात, सासुरवाडीला असेल तर आल्यावर. वही कधी रिकामी राहिली नाही आणि बैठक कधी झाली नाही. हे मी केलं आहे, रेणू. कुणी बळजबरी केली नव्हती. सगळ्या शाळा तेच करतात असं मी स्वतःला सांगायचे, आणि केंद्रप्रमुख म्हणून दहा शाळांच्या तशाच वह्यांवर ‘तपासले’ असा शिक्काही मारायचे.

या जूनमध्ये मी सृष्टीचं नाव कमी केलं. मार्चअखेर मी निवृत्त होणार. शेवटच्या वर्षी तरी वर्गात बसलेलीच मुलं मोजावीत, एवढंच वाटलं होतं, फार मोठं काही नाही. पण नाव गेलं तसा आदिनाथ पालक राहिला नाही आणि नवी समिती निवडणं भाग पडलं. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी मी पालकसभा बोलावली. एक्केचाळीस घरांपैकी तेहतीस घरची माणसं आली, बहुतेक बायका, काही तर खुरपणीवरून थेट. त्यात सिंधु होती. बौद्ध वस्तीत राहते, रोजाने कामाला जाते, सातवी शिकलेली आहे, तिची साक्षी आमच्याकडे चौथीत आहे. मी नेहमीप्रमाणे वही पुढे केली, तर ती म्हणाली, “बाई, आधी मागचं वाचून दावा की. आमी कशाकशावर सह्या केल्याव ते तर कळू द्या.”

वाचावंच लागलं. मी मुलांना धडा वाचून दाखवते तसं मोठ्याने वाचत गेले आणि मार्गशीर्षातल्या एका ठरावाला येऊन पोचले. अनुमोदक सरजाबाई. ही आमच्या सहावीतल्या एका मुलाची आजी, पोरगं तीच सांभाळते. ती मागून म्हणाली, “म्या तवा कारखान्याला व्हते की ओ बाई, ऊसतोडीला. उसातून हात वर केला व्हय म्या?” सगळी शाळा हसली. कुणीतरी म्हणालं, “आजीचा हात लई लांब हाय.” पुन्हा हसले. त्यांच्या हसण्यात राग नव्हता, आणि तेच मला सोसलं नाही. त्यांना हे सगळं आधीपासून ठाऊक होतं. बाईलाही ठाऊक आहे, हे तेवढं त्या दिवशी उघड झालं. मग बारा सदस्य निवडले गेले आणि त्यांनी अध्यक्ष निवडला. किशनरावांच्या माणसाला पाच मतं पडली, सिंधुला सात. मी सगळं तिथेच लिहिलं, वाचून दाखवलं, आणि बसलेल्या माणसांच्या बसल्या जागी सह्या घेतल्या. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेलं हे पहिलं खरं इतिवृत्त.

दुसऱ्या दिवशी किशनराव घरी आले, इथे उदगीरला. चहा घेतला, माझ्या यजमानांशी सोयाबीनच्या भावाबद्दल बोलले, आणि उठता उठता मला म्हणाले, “बाई, तुमी शिकलेल्या, कान्व्हेंटच्या. गावची रीत समजून घ्या. अध्यक्ष आमच्या घरचा असला की तुमचं काम कधी आडलं का? ती बाई रोजानं जाती. सहीला तिला कुठं हुडकीत फिरनार?” मी हे सिंधुला सांगितलं. ती म्हणाली, “सही हुडकायला कशाला यायचं? मीटिंग ठिवा, मी येते.” आणि ती येते. ऑगस्टमध्ये दोन बैठका झाल्या. पहिलीत पोषण आहाराचा तांदूळ सगळ्यांसमोर निवडून पाहिला. दुसरीत मुलींच्या संडासाच्या कडीवर पाऊण तास चर्चा झाली, शेवटी एका बापाने घरून कडी आणून तिथल्या तिथे बसवली. तुला हसू येईल, पण मी त्या बैठकीतून घरी येताना वाटेत एकटीच गाणं म्हणत होते.

मग तक्रार झाली की पालकसभेला गणपूर्ती नव्हती. आणि तक्रारीआधी, अकरा ऑगस्टला, तो फोन आला. त्याच्याबद्दल शेवटी लिहिते. तक्रारीवर तालुक्याहून पत्र निघालं, प्रभारी विस्तार अधिकाऱ्यांना, म्हणजे मला. मुख्याध्यापिकेला कारणे दाखवा नोटीस बजावावी आणि खुलासा स्वयंस्पष्ट अभिप्रायासह सादर करावा. मी तालुक्याच्या ऑफिसात गेले. तिथे नरसिंग नावाचे जुने लिपिक आहेत, माणूस भला. ते म्हणाले, “म्हॅडम, तुमी तुमालाच नोटीस द्या, तुमचीच पोच घ्या, अन् खुलासा असमाधानकारक म्हनून लिव्हा. कागद झाला की मिटलं. तुमाला काय हुत न्हाई, तुमीच तर हाव.” मी तसंच केलं, फक्त शेवटचं सोडून. घरी टेबलाशी बसून मी स्वतःला नोटीस दिली, स्वतः घेतली, पोच म्हणून सही केली, आणि स्वतःला तीन दिवसांची मुदत दिली. ते तीन दिवस, रेणू, मी खरोखर विचार करत होते. इतक्या वर्षांत मला कुणी कारण विचारलंच नव्हतं.

त्या तीन दिवसांत सिंधुला कामाला बोलावणं थांबलं होतं. खुरपणीची टोळी तिच्या दारावरून जायची आणि तिला हाक मारायची नाही. मी तिच्या घरी गेले. मनात होतं, ती थकली असेल, राजीनामा देते म्हणेल, आणि खरं सांगते, मनाच्या एका कोपऱ्यात मला तेच हवं होतं. ती चुलीपुढे बसलेली होती. म्हणाली, “आता मी रेणापूरच्या बाजूला जाते कामाला, दोन बसा बदलून. पर सोडनार न्हाई बाई. मला सात जनांनी हात वर करून बसवलंय, त्यांनी म्हनलं ऊठ तर उठंन. तुमी काय करताव ते तुमी बघा.” तिने मला चहा दिला. मी बघितलं.

घरी येऊन मी खुलासा लिहिला. तेहतीस घरांच्या सह्या जोडल्या, गणपूर्ती होती हे दाखवलं. त्याच खुलाशात सृष्टीची खोटी हजेरी लिहिली, घरोघर फिरलेली वही लिहिली, सरजाबाईंचा उसातला हात लिहिला. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी, पण ज्या एका सभेत सगळं खरं घडलं तीच रद्द करायची असेल तर आधीच्या सहा वर्षांच्या सगळ्या रद्द करा, असंही लिहिलं. मग विस्तार अधिकारी म्हणून अभिप्राय दिला: खुलासा समाधानकारक, पालकांची निवड कायम ठेवावी. यजमान वाचून म्हणाले, सात महिने राहिलेत, कशाला? मी म्हटलं, सात महिने राहिलेत म्हणूनच. गेली काही वर्षं जिल्हा परिषदेला निवडून आलेली माणसंच नव्हती, सगळा कारभार प्रशासकाकडे. शाळेच्या दारापासून तुझ्या दारापर्यंत आम्ही सगळे नेमलेले, त्यातले निम्मे प्रभारी. त्या काळात या साऱ्या उतरंडीत कुणी हात वर करून बसवलेलं माणूस असायला हवं होतं ते फक्त या समित्यांत, आणि तिथेही आम्ही वही फिरवत होतो. आज शेलवाडीत तसं एक माणूस आहे. त्याला उठवायला मी मदत करणार नाही.

तुला पृथ्वीचा गोल आठवतो? नववीत, भूगोलाच्या खोलीत माझ्या हातून पडला आणि फुटला. सिस्टर बर्थांनी विचारलं, आणि मी उभी राहायच्या आत तू उभी राहिलीस. तुझं नाव थ्रोबॉलच्या संघातून काढलं. परभणीला सामना होता, तू आठवडाभर रडलीस आणि मला एक शब्द बोलली नाहीस. मी तेव्हा गप्प बसले. तुझे उपकार माझ्यावर खूप आहेत आणि हा सगळ्यात जुना. म्हणून पुढचं लिहायला मला दोन दिवस लागले.

अकरा ऑगस्टचा फोन तुझा होता. किती गोड बोललीस. गुडघे विचारलेस, मुलाचं विचारलंस, मग म्हणालीस, सुमे, गणपूर्ती नव्हती अशी एक ओळ लिही, सभा पुन्हा घे, माझ्यावर वरून फार फोन येतात, ती बाई पुढच्या वेळी होईल अध्यक्ष, आणि तुझ्या पेन्शनच्या फायलीचं मी स्वतः बघते. मी म्हटलं, लेखी दे. तू हसलीस, म्हणालीस, अगं, असलं कुणी लेखी देतं का? रेणू, माझ्या खुलाशाच्या चौथ्या पानावर तारीख, वेळ आणि तोंडी आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव व पदनाम लिहिलं आहे. ते नाव तुझं आहे. तीन वेळा खोडलं, चौथ्यांदा तसंच ठेवलं, आणि कागद शुक्रवारी तालुक्याला गेला. येत्या सोळा सप्टेंबरला त्या तक्रारीची सुनावणी तुझ्यापुढे आहे. परक्या माणसांसमोर ते पान उलटताना तुला पहिल्यांदा कळू नये, म्हणून हे पत्र. सुनावणी दुसऱ्या कुणाकडे सोपवलीस तर उत्तम. निवड रद्द करायचीच असेल तर तुझ्या सहीने लेखी कर, मी तो आदेश शाळेच्या अंगणात सगळ्या पालकांना वाचून दाखवीन आणि त्यावर अपील करीन. फोन केलाच नाही म्हणालीस तरी मी नाव मागे घेणार नाही. त्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष माझ्याबरोबर येतील, रोज बुडवून, दोन बसा बदलून. मला हवं तेवढं उभं ठेव. त्यांना आधी बसायला सांग.

तुला राग येईल त्या दिवशीही, आणि तो उतरेल त्या दिवशीही,
तुझीच,
सुमन